'अफनासी' म्हणजे काय? थ चा फ झालेलं एक रशियन नाव

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौल-रेवदंड्यावर टिपण लिहायचं आहे आणि त्यात पंधराव्या शतकात चौलला उतरलेला, प्रवासवर्णन लिहून ठेवणारा रशियन व्यापारी अफनासी निकितीन येतो. 'अफनासी' या नावाचा अर्थ काय? ते अस्सल रशियन आहे का? इंग्रजीवरून घेतलेल्या मजकुरात तोच माणूस 'अथनेशियस' कसा होतो? आज रशियात हे नाव कुणी ठेवतं का? आणि मराठीत ते लिहायचं कसं?

अर्थ एका शब्दात सांगायचा तर 'अमर'. मात्र हा अर्थ रशियन भाषेतला नाही, ग्रीक भाषेतला आहे. रशियन माणसाला 'अफनासी' ऐकून अमरत्व आठवत नाही. 'थॉमस' म्हटल्यावर आपल्या मनात 'जुळा' येत नाही, तसंच. त्यामुळे टिपणात 'अफनासी म्हणजे रशियन भाषेत अमर' असं लिहिलंत तर ते चुकेल. 'मूळ ग्रीक नाव, अर्थ अमर' एवढंच लिहा.

मूळ रूप 'अथानासिओस'. त्याची फोड आपल्याला परकी वाटणार नाही. 'थानातोस' म्हणजे मृत्यू. त्याच्या आधी नकाराचा 'अ' लागला की 'अथानातोस', न मरणारा. त्यावरून 'अथानासिया' म्हणजे अमरत्व, आणि पुढे '-इओस' हा विशेषण करणारा प्रत्यय लागून नाव तयार झालं. हा ग्रीक 'अ' आणि आपल्या अमर, अजय, अतुल या नावांतला 'अ' एकाच प्राचीन उपसर्गाची दोन रूपं आहेत. स्वरापुढे आपण 'अन्' करतो, ग्रीकही 'अन्' करतो. संस्कृतात याला सगळ्यात जवळचा शब्द 'अमर्त्य'.

इथे एक गफलत हमखास होते. अर्थ जुळला म्हणून 'थानातोस' आणि 'मृत्यू' हे शब्दही एकाच धातूचे असतील असं गृहीत धरलं जातं. ते तसे नाहीत. 'अमृत'चं खरंखुरं भावंड ग्रीकमध्ये आहे, पण ते 'अम्ब्रोतोस'. त्यावरून 'अम्ब्रोसिओस' झालं आणि रशियनमध्ये 'अम्व्रोसी'. तेही आज दुर्मीळ नाव आहे. एकोणिसाव्या शतकातले ऑप्तिना मठाचे साधू अम्व्रोसी (१८१२–१८९१) प्रसिद्ध आहेत. थोडक्यात, अफनासी हा आपल्या 'अमर'चा अर्थाने भाऊ आणि अम्व्रोसी हा 'अमृत'चा रक्ताचा.

जाता जाता एक गंमत. ग्रीसमध्ये अथानासिओसला लाडाने 'थानासिस' किंवा 'थानोस' म्हणतात. सुरुवातीचा नकाराचा 'अ' गळला की उरतो तो मृत्यूच! ग्रीसमध्ये कित्येक भल्या माणसांचं नाव थानोस आहे आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. नावं वापरताना लोक व्युत्पत्ती करत बसत नाहीत.

आता मुख्य गोष्ट: थ चा फ कसा झाला. या नावाचं अर्धं कोडं इथेच सुटतं आणि 'अथनेशियस'चाही उलगडा होतो. अभिजात ग्रीकमधलं थीटा हे अक्षर आपल्या 'थ'सारखं, म्हणजे महाप्राण त असंच उच्चारलं जाई. नंतरच्या काळात तो उच्चार बदलला आणि जीभ दातांत धरून हवा सोडत केलेला घर्षक ध्वनी आला, इंग्रजी 'थिंक'मध्ये इंग्रज माणूस करतो तसा. ९८८ मध्ये किएव्हच्या राज्याने बायझंटाइन, म्हणजे ग्रीक परंपरेचा ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ग्रीक संतांची नावं घाऊक आली, तेव्हा हा नवा उच्चार रुळलेला होता. स्लाव्ह लोकांच्या (रशियन, युक्रेनियन, बल्गेरियन वगैरेंच्या पूर्वजांच्या) बोलीत तो ध्वनी नव्हताच. कानाला जवळचा वाटला तो फ, म्हणजे दातओठी फ, आणि रशियनमध्ये थीटाच्या जागी तोच बसला.

एकदा हा नियम कळला की रशियन कादंबऱ्यांतली निम्मी नावं ओळखीची होतात. थिओडोरचा फ्योदर झाला (देवाने दिलेला, आपला देवदत्त), थॉमसचा फोमा, मार्थाची मार्फा, टिमोथीचा तिमफेय, अगाथाची अगाफ्या, थेक्लाची फ्योक्ला. ग्रीसमधला आथोस पर्वत रशियनमध्ये 'अफोन' होतो, तोही याच नियमाने. पश्चिम युरोपात नावं लॅटिनमार्गे गेली, तिथे थीटा 'टीएच' म्हणून लिहिला गेला आणि इंग्रजीत अथनेशियस, फ्रेंचमध्ये अतानाझ, पोर्तुगीजमध्ये आतानासियो अशी रूपं झाली. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत आढळणारं आतानासियो म्हणजे हेच नाव. केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतल्या बिशपांचं 'मार अथनेशियस'ही हेच. बल्गेरियनमध्ये मात्र थीटाचा त झाला आणि नाव 'अतानास' राहिलं, म्हणजे सगळ्या स्लाव्ह भाषा एका वाटेने गेल्या असं समजू नका. निकितीनच्या प्रवासवर्णनाचं इंग्रजी भाषांतर १८५७ मध्ये लंडनला छापलं गेलं, त्यात नाव लॅटिन वळणाने 'अथनेशियस' दिलं होतं. तुम्हाला ते रूप दिसलं ते बहुधा त्याच वाटेने आलेलं.

जुनी रशियन कागदपत्रं पाहायची वेळ आली तर आणखी एक खूण लक्षात ठेवा. रशियन लिपीत दोन वेगळे फ होते. एकात वर्तुळातून उभी रेघ आरपार जाते. तो नेहमीचा फ. दुसऱ्यात वर्तुळाच्या आत आडवी रेघ असते. त्याचं नाव 'फिता', आणि तो ग्रीक थीटावरून आलेल्या शब्दांसाठीच राखलेला होता. उच्चार दोघांचा एकच. १९१८ च्या लेखनसुधारणेत फिता काढून टाकला. त्यामुळे त्याआधी छापलेल्या मजकुरात 'अफनासी' आडव्या रेघेच्या फने लिहिलेलं दिसतं, नंतर उभ्या रेघेच्या. हे दोन वेगळे शब्द नाहीत. आजच्या कोशात जुन्या अक्षराने शोधलंत तर नाव सापडणार नाही. उलट, एखाद्या अनोळखी नावात जुन्या छपाईत फिता दिसला, तर त्या फच्या जागी थ धरून ग्रीक मूळ शोधायला लागा. बहुतेक वेळा नेम लागतो.

फ हा ध्वनीदेखील मुळात स्लाव्ह नव्हता, म्हणून खेड्यापाड्यांत त्याचा सरळ प झाला. आपल्याकडे जुनी माणसं 'ऑफिस'चं 'हापिस' करायची, तसाच हा प्रकार. युक्रेनियनमध्ये हेच नाव 'ओपानास' आणि 'पानास', बेलारूशियनमध्ये 'अपानास'. त्यावरून पनासेन्को, पनास्युक, अपानासेन्को ही आडनावं निघाली. रशियन बाजूने अफनास्येव्ह, अफोनिन. रशियन लोककथांचा मोठा संग्राहक अलिक्सांद्र अफनास्येव्ह (१८२६–१८७१) याच्या आडनावाचा अर्थ 'अफनासीचा' एवढाच. मिखाईल बुल्गाकोव्हचं मधलं नाव 'अफनास्येविच' आहे, कारण त्याच्या वडिलांचं नाव अफनासी होतं.

हा शेवटचा मुद्दा मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. आपणही स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असंच लिहितो. फरक एवढाच की रशियनमध्ये वडिलांच्या नावाला प्रत्यय लागतो: मुलाला अफनास्येविच, मुलीला अफनास्येव्हना. बोलताना 'अफनास्येविच'चं 'अफनासिच' होतं. नुसतं 'अफनासिच' म्हणून कुणाला हाक मारली असेल तर त्यात वयाचा मान आणि घरोबा दोन्ही आले. भाषांतरात ते 'अफनासीकाका'च्या जवळ जातं, 'श्री. अफनासिच'च्या नाही.

नावाच्या प्रसाराचं कारण संत. मुख्य संत अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासिओस. तो ३२८ पासून ३७३ पर्यंत बिशप होता, येशू हा देवाच्या बरोबरीचा नाही या एरिअस नावाच्या पाद्र्याच्या मताविरुद्ध आयुष्यभर भांडला आणि त्यापायी पाच वेळा हद्दपार झाला. दुसरा, आथोस पर्वतावर ९६३ मध्ये महामठ स्थापणारा अथानासिओस. रशियन पद्धतीत मुलाचं नाव चर्चच्या पंचांगातून, जन्माच्या आसपास ज्या संताचा दिवस येईल त्यावरून ठेवत. म्हणून अफनासी नावाच्या माणसाची जन्मतारीख माहीत असेल तर तो कुठल्या संताच्या नावाचा, हे बरंचसं ताडता येतं. अलेक्झांड्रियाच्या संताचे दिवस जुन्या पंचांगाने १८ जानेवारी आणि २ मे. आथोसच्या संताचा ५ जुलै.

तारखा बदलताना घोळ होतो, तेव्हा हिशेब नीट मांडतो. रशियात जुनं ज्युलियन पंचांग ३१ जानेवारी १९१८ पर्यंत चाललं. त्याच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ फेब्रुवारी उजाडला. अठराव्या शतकातल्या जुन्या तारखेत ११ दिवस मिळवायचे, एकोणिसाव्यातल्या १२, आणि जुन्या १ मार्च १९०० पासून पुढे १३. रशियन चर्च अजून जुनंच पंचांग पाळतं, म्हणून हे दिवस सध्या ३१ जानेवारी, १५ मे आणि १८ जुलै या तारखांना येतात. जन्म १८४० मधला असेल आणि तुम्ही १३ दिवस मिळवलेत तर एका दिवसाची चूक होते, आणि एका दिवसाने संत बदलतो. संताशी जुळवणी करायची असेल तर मुळात बदलूच नका. जन्माची जुनी तारीख जुन्या पंचांगातल्या संतदिनाशीच ताडून पाहा.

३१ जानेवारीचा दिवस लोकांच्या तोंडी 'अफनासी लोमोनोस' आहे. लोमोनोस म्हणजे नाकतोड्या. कीटक नव्हे, थंडीने नाक तुटायची वेळ येते म्हणून. 'अफनासी आला, नाक-गाल सांभाळा' अशा अर्थाची म्हण आहे, आणि जानेवारीअखेरच्या कडाक्याला 'अफनासीची थंडी' म्हणतात. अमरत्व वगैरे बाजूला राहिलं आणि शेतकऱ्याच्या जिभेवर नावाला हा नवा अर्थ चिकटला. व्युत्पत्तीपेक्षा हाच अर्थ रशियन माणसाला अधिक खरा वाटेल, असं माझं मत आहे.

आता तुमचा प्रवासी. त्याच्या प्रवासवर्णनाच्या एका हस्तलिखिताची सुरुवात प्रार्थनेने होते. तिच्यातला नावाचा तुकडा देवनागरीत असा वाचता येईल: 'राबा स्वोयेगो ग्रेश्नागो अफोनास्या मिकितिना सीना'. 'तुझा पापी दास, मिकिताचा मुलगा अफोनासी, याच्यावर' (दया कर) असा त्याचा अर्थ. या सहा शब्दांत बरंच काही दिसतं.

पहिलं, नाव 'अफना-' नाही, 'अफोना-' असं आहे. हे चर्चचं कोरीव रूप नव्हे, बोलीतलं. जुन्या रशियन बखरींत त्याला 'ओफोनास' असंही लिहिलंय, कारण जुन्या रशियनमध्ये परक्या नावातला सुरुवातीचा 'अ' बरेचदा 'ओ' होई. अलिक्सांद्रचंही ओलिक्सांद्र व्हायचं. आजचं लाडाचं रूप 'अफोन्या' आहे, त्यातला 'ओ' याच बोलीरूपाशी जुळतो. आथोस पर्वताच्या 'अफोन'शी त्याचा संबंध नाही, दिसायला कितीही सारखं असलं तरी.

दुसरं, 'अफोनास्या' हे स्त्रीचं नाव नव्हे. ती पुल्लिंगी नावाची विभक्ती आहे. मला वाटतं, मराठी-हिंदी मजकुरात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. आजच्या रशियनमध्ये 'अफनासी'ची रूपं अशी: षष्ठी आणि द्वितीया 'अफनासिया', चतुर्थी 'अफनासियु', तृतीया 'अफनासियेम', सप्तमी 'अफनासिई'. पुस्तकांच्या शीर्षकांत षष्ठी असते, स्मारकांवर 'अमुक यांस' अशी चतुर्थी. ते रूप तसंच उचललं की 'अफनासिया निकितीना' नावाची एक बाई जन्माला येते. भरीला 'अफनासिया' हे स्त्रीनाव खरोखर आहे, अतिशय दुर्मीळ असलं तरी, त्यामुळे तपासणाऱ्यालाही संशय येत नाही. उपाय साधा: वाक्यातलं क्रियापद पाहा. भूतकाळी क्रियापद '-ला'ने संपलं तर कर्त्री स्त्री, व्यंजनाने संपलं तर पुरुष. मराठीत 'गेला' पुरुषाला, रशियनमध्ये '-ला' स्त्रीला. हे उलटं आहे, विसरू नका.

तिसरं, 'मिकितिना सीना' म्हणजे 'मिकिताचा मुलगा'; मिकिता हे निकिताचंच बोलीतलं रूप. पंधराव्या शतकातल्या साध्या व्यापाऱ्याला आडनाव नसे. 'निकितीन' हे त्याचं आडनाव म्हणून आपण वापरतो ती पुढची सोय आहे. रशियनमध्ये वडिलांचं नाव 'आ'ने संपलं की '-इन' लागतो (निकिता, निकितीन, अफोन्या, अफोनिन), व्यंजनाने संपलं की '-ओव्ह', 'य'सारख्या मऊ ध्वनीने संपलं की '-येव्ह' (अफनासी, अफनास्येव्ह). आणि निकिता हा बाप आहे, आई नव्हे! आपल्याकडे निकिता मुलीचं नाव, रशियात ते पुरुषाचं: ग्रीक 'निकी' म्हणजे विजय, त्यावरून 'विजेता'. टिपणात हे एका ओळीत सांगून टाका, नाहीतर वाचक 'निकिताचा मुलगा' वाचून थबकेल.

चौलला उतरून जुन्नरकडे गेलेल्या या माणसाने आपल्या गावांची नावंही कानाला आली तशीच लिहिली: चौलचं 'चिविल', दाभोळचं 'दाबिल'. इथल्या मुसलमान लोकांत आपल्याला 'खोजा युसुफ खोरासानी' म्हणतात, असं तो सांगतो. युसुफ हे अफनासीचं भाषांतर नाही. इकडे चालेल असं वेगळं नाव त्याने घेतलं, एवढंच. दोन्हींचा अर्थ जुळवायच्या फंदात पडू नका.

आजच्या वापराबद्दल. एकोणिसाव्या शतकापर्यंत हे नाव शेतकरी, व्यापारी, पाद्री आणि काही प्रमाणात उमरावांतही होतं. कवी अफनासी फेत (१८२०–१८९२) हे ठळक उदाहरण. क्रांतीनंतर चर्चच्या पंचांगावरून नाव ठेवायची सक्ती गेली आणि अशी जड, जुनाट वाटणारी नावं मागे पडली. पुढे १९७५ मध्ये एका गाजलेल्या विनोदी चित्रपटात दारुड्या प्लंबरचं नाव अफोन्या ठेवलं गेलं, आणि कित्येक रशियनांना हे नाव ऐकून आधी तोच आठवतो. हल्ली जुनी नावं परत आली आहेत, तिमफेय आणि मत्वेय तर वर्गावर्गांत सापडतील, पण अफनासी त्या लाटेत वर आलेलं नाही. मठवासी साधूंमध्ये ते दिसतं. निकितीनच्या त्व्येर गावात मात्र त्याची चलती आहे: वोल्गाकाठी १९५५ पासून त्याचा पुतळा आहे आणि तिथल्या एका बिअरचं नावही अफनासी आहे.

इंटरनेटवर नावांचे अर्थ सांगणाऱ्या पानांवर भरवसा ठेवू नका. 'अफनासी म्हणजे पुनरुत्थान' असं कुठे वाचलंत तर ती अनास्तासिया या स्त्रीनावाशी झालेली गल्लत आहे. अनास्तासियात 'अना' म्हणजे वर किंवा पुन्हा आणि 'स्तासिस' म्हणजे उभं राहणं. आपला 'स्था' धातू तो तिथे. शुभ रंग आणि खडा सांगणारं पान तर मिटूनच टाका. चांगल्या रशियन नामकोशातली नोंद कोरडी असते: नाव, लिंग, वडिलांच्या नावाची दोन्ही रूपं, मूळ भाषा, लाडाची रूपं, संतांचे दिवस. हे सगळं एकमेकांशी जुळलं तरच अर्थ पक्का धरायचा.

शेवटी लिहायचं कसं. आघात तिसऱ्या अक्षरावर आहे, 'ना'वर, आणि पहिले दोन अ आखूड आहेत. म्हणून 'अफनासी' हे रूप उच्चाराला सर्वांत जवळचं. 'अफानासी' चालेल, 'अफनासिय' आणि 'आफनासी' टाळा. रोमन लिपीत शेवट चार तऱ्हांनी लिहिलेला सापडेल, नुसता वाय, दोन आय, आय-वाय, आय-जे. चारही एकच. फ 'फळ'मधला नव्हे, 'कॉफी'तला. मी टिपणात ओळ अशी लिहीन: 'त्व्येरचा व्यापारी अफनासी, निकिताचा मुलगा (निकिता हे रशियात पुरुषाचं नाव), इंग्रजी पुस्तकांतला अथनेशियस निकितिन, १४७० च्या आसपास चौलला उतरला.'